सहाव्या दिवसाची सरकी

दाढ काढून आलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती बसलेले सगळे बोलतात. कोणाची मावशी, कोणाचा साडू, कोणाच्या गावचा पाटील, ज्याच्या त्याच्या तोंडाची हकीकत तिथं निघते. तो बिचारा बोळा दाबून ऐकतो आणि मनातल्या मनात घाबरतो. आमच्या पेढीवर असे किस्से इतके साचले होते की कोणी नुसता गाल धरून आला तरी आम्ही सरकून त्याला जागा करायचो आणि सुरू व्हायचो!

ही अमरावतीच्या कापूस बाजारातली गोष्ट. विलायतेला आमच्या कापसाची एकाएकी भूक लागली होती. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई चालली होती आणि तिकडचा माल यायचा बंद झाला होता म्हणे. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच दिसायचं की बैलगाड्या बाजारात मावत नाहीत आणि प्रत्येक पेढीवाला गाडीच्या पुढं धावतोय.

आता तुम्ही विचाराल, कापसाचा आणि दाढेचा संबंध काय? अहो, सगळा संबंध दाढेचाच! ओला कापूस वजनाला जास्त भरतो, म्हणून काही लोक गाडीवर पाणी शिंपडून यायचे. वरून कापूस वाळलेला दिसे, पण सरकी खोटं बोलत नाही. वाळलेली सरकी दाढेखाली कट्‌कन फुटते, ओली नुसती दबते. आमच्याकडे रीत अशी होती की एकाच बोंडातल्या दोन सरक्या काढायच्या. एक विकणाऱ्यानं फोडायची, दुसरी पेढीच्या पारख्यानं. दोन्ही आवाज आले की सौदा पक्का, तिथंच बैल सोडायचे. नाही आले तर गाडी पुढच्या पेढीवर!

आमचे पारखी आबाजी. त्यांची दाढ म्हणजे पेढीची अब्रू. मी नारायण, त्यांच्या हाताखाली. माझं काम फक्त कान देण्याचं. मी दोघांच्या मधे उभा राहायचो. आत गादीवरून शेठजी विचारायचे, "नारबा, आवाज आला का?" मी ओरडायचो, "आला जी, दोन्ही!" कधी एकच आला तर एकच सांगायचो. मी स्वभावानं भित्रा, त्यामुळे खोटं बोलायची मला छाती नव्हती, आणि म्हणूनच हे काम मला मिळालं होतं.

*

बाजाराच्या कोपऱ्यात चिंचेखाली भगवंता न्हावी बसायचा. डोई, दाढी आणि दाढ, तिन्ही कामं त्याच्याकडे. दाढ काढायला त्याला वेळ लागत नसे. वेळ लागायचा तो पुढचं सांगायला!

"काढाचं काम मायं झालं," तो म्हणायचा. "आता घरी तुयं काम सुरू."

मग यादी. चिंचेची सावली विहिरीपर्यंत जाईस्तोवर बोळा दाबून धरायचा. थुंकायचं नाही, तोंडात येईल ते गिळायचं. पहिल्या दिवशी चूळ नाही. चिलीम नाही, तंबाखू नाही. कढत काही नाही, गार आंबील किंवा ताकातल्या कण्या खायच्या, त्याही दुसऱ्या बाजूनं. खड्ड्यात जीभ घालायची नाही, काडी तर नाहीच नाही. निजताना डोकं उंच. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, पण खळखळवायचं नाही. तोंडात धरायचं आणि मान वाकवून सोडून द्यायचं. आणि सरकी?

"सरकी नवव्या दिवशी. तवरोक तिच्याकडं पायजो बी नोको!"

एवढं सांगून तो थांबला असता तर ठीक. पण तो प्रत्येकाला म्हणायचा, "आता हे सारं मले परत सांग." समोरच्याच्या तोंडात कापसाचा बोळा! तो बापडा डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, "ऊं... ऊं ऊं... ऊं." भगवंता मान तिरपी करून सगळं नीट ऐकून घ्यायचा.

"थुंकाचं राह्यलं तुयं. पहिल्यापासून सांग!"

*

गुलाबखान आमचा मापारी. काट्यावर उभा राहून वजनाचा पुकारा करायचा. माणूस दिलदार, पण चिलमीवाचून त्याचा दिवस उगवत नसे. त्याची खालची दाढ काढली आणि भगवंतानं त्याला नुसत्या चिलमीबद्दल तीनदा बजावलं. ओढताना तोंडात जो जोर बसतो त्यानं खड्ड्यातली रक्ताची गाठ उखडते, आणि ती उखडली की मग देव आठवतो.

दुपारी पाहतो तर गुलाबखान एका गाडीवानासमोर मांडी घालून बसलेला. गाडीवान चिलीम ओढतोय आणि सगळा धूर गुलाबखानाच्या तोंडावर सोडतोय!

"खानसाहेब, हे काय करून राहिले?" मी घाबरून विचारलं.

बोळ्यामागून आवाज आला, "ओढू नोको म्हनला. हुंगू नोको कुठं म्हनला?"

तो दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी मात्र हा मोठा माणूस काट्याचा खांब धरून रडत होता. दाढेच्या खड्ड्यातली कळ कानात जात होती, कानातून डोक्यात. आम्ही त्याला धरून चिंचेखाली नेलं. भगवंतानं तोंडात डोकावून पाहिलं. खड्डा कोरडा ठाक, आतलं हाड दिसत होतं.

"ओढली ना?"

"नाही रे भाई," गुलाबखान कण्हत म्हणाला. "मी तर नुसता समोर बसलो होतो. तिनंच मले ओढलं!"

भगवंतानं खड्डा धुतला, लवंगेच्या तेलात भिजवलेला कापूस आत ठेवला आणि यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी गुलाबखानानं ती न चुकता म्हणून दाखवली.

*

पुढचा किस्सा पेढीवर कोणी काढत नसे. पण तो सांगितल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

अकोल्याच्या बाजारात संपतराव नावाचे पारखी होते. आबाजी आणि ते एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. संपतरावांची दाढ काढली आणि चौथ्याच दिवशी पातूरकडून गाड्यांची रांग आली. लोक म्हणाले, संपतराव फोडतील तरच बैल सोडू. ते हसून म्हणाले, "एका सरकीनं काय होते? दुसऱ्या बाजूनं फोडतो." फोडली. दुसऱ्याच बाजूनं फोडली. पण टरफलाचा कण तोंडात फिरतो, तो कुठं जाऊन बसेल ते कोण सांगणार?

मी तेव्हा शेठजींचा निरोप घेऊन अकोल्याला गेलो होतो. संपतरावांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांचा जबडा आणि गळा एक झाला होता. तोंड बोटभरही उघडत नव्हतं. त्यांनी खुणेनं पाणी मागितलं. मी गडव्यानं ओठांत पाणी सोडलं, ते तसंच बाहेर आलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. तहान लागलेली, पाणी समोर, आणि घोट जात नाही. दोन दिवसांनी ते गेले.

मी भ्यालो तो तिथंच. त्यानंतर कोणाच्याही तोंडात बोळा दिसला की मला तो गडवा आठवे, आणि अजूनही आठवतो.

*

आणि मग आबाजींचीच दाढ दुखायला लागली!

सरकीबरोबर आलेला खडा लागून ती कधीची तडकली होती. आबाजी कोणाला बोलले नाहीत. हंगाम ऐन भरात होता, रोज डझनावारी सरक्या फुटत होत्या. शेवटी गाल सुजला तेव्हा त्यांच्या घरच्या पार्वताबाई स्वतः बाजारात आल्या आणि भर गर्दीतून त्यांना चिंचेखाली घेऊन गेल्या. दाढ निघाली. पार्वताबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नारायना, संपतभाऊचं तू डोयानं पायलं हाय. नऊ दिवस ह्यायच्या तोंडात सरकी जाऊ देऊ नोको. तुले मायी शपथ हाय."

झालं! आबाजींच्या तोंडाचा राखणदार मी.

पहिल्याच तासाला माझी परीक्षा. भगवंतानं बोळा दिला आणि आबाजी घरी येऊन ओट्यावर बसले. जरा वेळानं पाहतो तर त्यांनी बोळा काढून हातात धरलेला, आणि दोन्ही अंगठ्यांत धरून त्याचा धागा ओढून पाहतायत!

"आबाजी! तोंडात ठेवा जी!"

त्यांनी ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा काढला. उन्हाकडे धरून पाहिला. रक्त पुन्हा हनुवटीवर ओघळलं.

"धागा आखूड हाय," आबाजी म्हणाले. "कोन्या गावचा आनला हा भगवंतानं? आमी असला माल दारातूनच परत लावतो."

पार्वताबाई आत गेल्या. घरातली उत्तम लांब धाग्याची, हातानं पिंजलेली रुई घेऊन आल्या आणि नवा बोळा करून त्यांच्या हातावर ठेवला. आबाजींनी तो ओढून पाहिला, मान डोलावली आणि मुकाट्यानं दाबून धरला. चिंचेची सावली विहिरीपर्यंत गेली तरी सोडला नाही! रक्त थांबलं.

*

रोज सकाळी मी त्यांच्या घरी जायचो आणि म्हणायचो, "आ करा जी." पेढीवर ज्यांच्यापुढं मी मान वर करत नव्हतो त्यांच्या तोंडात मी रोज डोकावत होतो. आबाजी चिडायचे. "मी बैल हाय का, दात पायतं माये?" म्हणायचे. पण मिठाचं पाणी मी समोर उभा राहून धरायला लावायचो. त्यांना नदीवर चूळ भरायची सवय, लगेच गाल फुगवून खळखळ सुरू! मी ओरडायचो, "धरा! नुसतं धरा! आता मान वाकवा! सोडा!" शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन बघत उभ्या राहायच्या.

चौथ्या दिवशी आबाजींनी आ केला आणि मला खड्ड्यात पांढरं दिसलं. पू! दुसरं काय असणार? संपतरावांचंही चौथ्याच दिवशी सुरू झालं होतं. मी चिंचेखाली पळत सुटलो. भगवंता एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता.

"भगवंता, चाल! आबाजी चालले!"

भगवंता वस्तरा घेऊनच धावला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागं, कारण उरलेली अर्धी कोण करणार? आम्ही तिघं धापा टाकत ओट्यावर पोचलो. आबाजींनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मुकाट्यानं आ केला. भगवंतानं पाहिलं. मग गिऱ्हाइकानंही मान घालून पाहिलं.

"हा दहीभात हाय," गिऱ्हाईक म्हणालं.

मी काडीनं काढायला निघालो होतो. भगवंतानं माझा हात असा धरला की काडी खाली पडली. "खड्ड्यात काडी नाही म्हनून किती वेळा सांगतलं? खाल्ल्यावर बी मिठाचं पानी धराचं. आपोआप निंगते." निघालाही. दहीभाताचं शीत बाहेर पडलं तेव्हा मला रडू फुटलं, आणि आबाजींनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला.

*

पाच दिवस शेठजींनी गोदामात जागा नाही असं सांगून गाड्या परत लावल्या. सहाव्या दिवशी त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी आबाजींना पेढीवर बोलावून घेतलं. बाजारात कुजबूज सुरू झाली होती की या पेढीला आता पारखी नाही.

"नऊ दिवस म्हणजे फार झाले," शेठजी म्हणाले. "दुसऱ्या बाजूनं फोडा. एका सरकीनं काय होतं?"

तेच शब्द! मी म्हणालो, "शेठजी, आज मी फोडतो." शेठजी हसले आणि बाहेर उभे असलेले गाडीवानही हसले. "तुया दाढेवर कोन बैल सोडते बे?" त्यातला एक म्हणाला.

आबाजींनी गालावरून उपरणं घेतलं आणि जाऊन आपल्या जागेवर बसले. मी त्यांच्या कानाशी लागलो. "आबाजी, काकूनं शपथ घातली हाय."

"मायीत हाय मले."

"संपतराव..."

"त्याचं बी मायीत हाय." त्यांचा आवाज बारीक झाला होता. तेही भ्याले होते, आणि हे मला तेव्हा प्रथम कळलं.

रांगेतली पहिली असामी तिवशाकडची भागाबाई. सत्तरीची म्हातारी, तीन गाड्या भरून स्वतः पुढच्या गाडीवर बसून आलेली. मागं वीस-पंचवीस गाडीवान माना लांब करून पाहत होते. इथं आवाज आला तर ते सगळे आमच्याकडे, नाही तर सगळे पुढं. भागाबाई खाली उतरली, आधी कनवटीचा छोटा खलबत्ता काढला, त्यात विडा कुटला आणि तो कूट चिमटीनं तोंडात टाकला. आबाजी तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ पार आत गेले होते.

आबाजी उठले. तिन्ही गाड्यांत कोपरापर्यंत हात घातला. तळातला कापूस मुठीत दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मीही हात घालून पाहिला. कापूस कोरडा होता, उन्हानं कोमट झालेला. मग आबाजींनी एक बोंड घेतलं आणि त्यातल्या दोन सरक्या काढल्या. एक तिच्या तळहातावर ठेवली, एक आपल्या.

"पयले तुमी, माय," आबाजी म्हणाले.

भागाबाईनं सरकीकडे पाहिलं. मग आबाजींच्या गालावरच्या उपरण्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग पदर तोंडावर घेऊन सरकी आत टाकली. तिचा जबडा हलला. मी कान पुढं केला.

"कडक हाय," भागाबाई म्हणाली.

आबाजींनी आपली सरकी उचलली. मी त्यांची बाही धरली, त्यांनी ती सोडवून घेतली. सरकी आत गेली. उपरण्याआड जबडा हलला, एकदा, दोनदा. मी डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले.

"कडक," आबाजी म्हणाले.

मी डोळे उघडले. आबाजींचा हात उपरण्याखालून निघून कमरेशी गेला. भागाबाईनं पदर खाली घेतला आणि सरकी मुठीत मिटली. मग ती एक पाऊल पुढं येऊन बैलाच्या कानात सांगावं तसं हळूच म्हणाली, "कितवा दिस हाय बाबू?"

"सहावा, माय."

"मिठाचं पानी धरत जाय. जोरानं खळखळवजो नोको."

आतून गादीवरून शेठजींचा आवाज आला, "नारबा, आवाज आला का?"

सगळे गाडीवान माझ्याकडे बघत होते. काट्यापाशी गुलाबखानानं वजन हातातच धरून ठेवलं होतं. आणि मी त्या बाजारात कधी ओरडलो नव्हतो एवढ्या जोरानं ओरडलो,

"आला जी! दोन्ही!"